पेरभर मूर्तीवरचा उजेड

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांत आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या कथाखेळांत सोंगट्यांच्या जागी लहान मूर्ती वापरतात. चिलखतातला सैनिक, चेटकीण, सांगाड्यांचे घोडदळ, रणगाडा, पंख पसरलेला ड्रॅगन, काहीही. या मूर्तींना मिनिएचर आणि खेळणाऱ्यांच्या बोलीत नुसते ‘मिनी’ म्हणतात. बहुतेक मिनी कारखान्यातून बिनरंगी येतात, त्याही सुट्या भागांत. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीला हात, डोकी, ढाली चिकटलेल्या असतात. जोडणे आणि रंगवणे हे विकत घेणाऱ्याचे काम. त्यात अनेकजण इतके रमतात की खेळ मागे पडतो आणि रंगकाम हाच छंद होऊन बसतो.

लहान शिपायांशी खेळणे जुनेच. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. पोकळ असल्याने शिसे कमी लागे आणि किंमत उतरे. एच. जी. वेल्स यांनी अशाच सैनिकांसाठी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तक लिहिले. खेळण्यातल्या तोफेतून लाकडाची कांडी झाडायची आणि समोरचे शिपाई पाडायचे, असा तो खेळ होता. पण हे सैनिक कारखान्यातूनच रंगवून येत. रंगकाम सर्वसामान्य खेळाडूच्या हाती आले ते मुख्यतः १९७० नंतर. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी सुरू झाली. तिचा ‘वॉरहॅमर’ १९८३ चा, तर दूरच्या भविष्यकाळात घडणारा ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ चा. कंपनीचे मुख्यालय आज नॉटिंगहॅममध्ये आहे. त्या शहरात आणि आसपास मूर्ती घडवणाऱ्या इतक्या कंपन्या उभ्या राहिल्या की छंदी मंडळी त्या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात.

१९८७ मध्येच ‘गोल्डन डीमन’ ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. तिच्या सर्वोच्च विजेत्याला करंडकाखेरीज भली मोठी तलवार मिळते. मात्र रंगकामाचा मान केवळ स्पर्धेपुरता नाही. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या अलीकडच्या नियमांत पूर्ण रंगवलेले सैन्य घेऊन बसणाऱ्याला शंभरपैकी १० गुण त्या रंगाचेच मिळतात. करड्या प्लॅस्टिकचे सैन्य घेऊन येणारा खेळाडू पहिली चाल खेळण्याआधीच तेवढ्याने मागे असतो.

नवशिक्याने आधी मापाचा हिशोब समजून घ्यावा, कारण पुढच्या बहुतेक युक्त्या त्यातूनच निघतात. सर्वांत रुळलेले माप २८ मिलिमीटरचे. हे अंतर सहसा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. म्हणजे मूर्ती खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्शाची झाली. तिच्यावर रंगाचा थर मिलिमीटरचा एक दशांश जाड बसला, तर खऱ्या माणसाच्या अंगावर सहा मिलिमीटरचा गिलावा चढवल्यासारखे होते. नाक बुजते, बोटे एकमेकांत मिसळतात, साखळी-चिलखताच्या कड्या नाहीशा होतात. हातात जाड वाटणारही नाही असा थर मूर्तीला मात्र पेलत नाही.

दुसरा हिशोब अंतराचा. टेबलावरची मूर्ती खेळाडू साधारण ६० सेंटिमीटरवरून पाहतो. तिच्या मापाने हे अंतर ३६ मीटर झाले. एवढ्या लांबून खऱ्या माणसाचे डोळे किंवा पट्ट्याचे बक्कल दिसत नाही, मूर्तीवर मात्र ते दिसावे अशी अपेक्षा असते. त्यात घरातला उजेड भिंतींवरून, छतावरून परतून सगळीकडून येतो आणि मिलिमीटरभर खोल चुणीत नजरेत भरेल अशी सावली पडू देत नाही. म्हणून मूर्तीला नुसता रंग देऊन भागत नाही. वरून पडलेला उजेड आणि चुणीत साचलेली सावली, दोन्ही रंगानेच काढावी लागतात, तीही खऱ्याहून जरा जास्त गडद-उजळ. अंगरखा लाल, पाय काळे, चेहरा गव्हाळ असे नेमके भाग भरून ठेवलेली मूर्ती कितीही स्वच्छ रंगवली तरी सपाट का दिसते, याचे उत्तर इथेच आहे.

पहिली मूर्ती निवडताना थोडे डोके वापरले तर पुढचा त्रास वाचतो. केसाळ कातडे पांघरलेला, साखळी-चिलखत घातलेला, दाढीवाला योद्धा नवशिक्याला सोपा जातो, कारण त्याच्या अंगावरच्या खाचा आणि उंचवटे निम्मे काम आपणच करतात. गुळगुळीत झग्यातली, उघड्या चेहऱ्याची राजकन्या दिसायला साधी, पण रंगवायला अवघड. तिच्यावरचा प्रत्येक फटकारा उघडा पडतो. ड्रॅगनचा मोह तर टाळावाच.

मूर्ती कशाची आहे हे जोडण्याआधी पाहावे. कठीण प्लॅस्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असते. त्याच्या खास गोंदातले द्रावक दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि ते एकमेकांत मिसळून सांधा एकजीव होतो. धातू आणि रेझिनवर हा गोंद चालत नाही. तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे घरोघरी असते ते फेविक्विकच्या जातीचे चिकटद्रव्य लागते. चौकटीपासून भाग तोडायला हाताने पिरगळू नये. सपाट तोंडाच्या छोट्या कटरने कापावे आणि उरलेला खुंट सुरीने तासावा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मूर्तीवर बारीक उंच रेघ राहते. ती सुरीच्या पाठीने खरवडून काढायची. बिनरंगी मूर्तीवर ही रेघ दिसत नाही, म्हणून नवशिके ती सोडून देतात. पुढे गडद रंग तिच्या कडेला साचतो, उजळ रंग तिच्या धारेवर चढतो आणि पूर्ण झालेल्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एक चरा उमटतो. रेझिनची मूर्ती असेल तर ती आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवावी, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ तिच्यावर राहिलेला असू शकतो. रेझिन घासताना उडणारी पूड फुप्फुसांना वाईट. पॉलिश पेपर ओला करून घासावे आणि तोंडाला मास्क लावावा.

यानंतर प्रायमर. अ‍ॅक्रिलिक रंग नुसत्या प्लॅस्टिकला किंवा धातूला नीट धरत नाही, नखाने खरवडले तरी सुटतो. प्रायमरचा पातळ थर खाली चिकटून राहतो आणि वरच्या रंगाला धरायला पोत देतो. स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवून, २० ते ३० सेंटिमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून मारतात. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. हवेत दमटपणा फार असेल तर स्प्रे दगा देतो. पृष्ठभाग खरखरीत तरी होतो, नाहीतर त्यावर पांढुरकी झाक येते. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर हा धोका रोजचाच. तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर बरा. त्याला वेळ जास्त लागतो, पण हवेचा भरवसा धरावा लागत नाही.

प्रायमरचा रंगही विचाराने निवडतात. काळ्यावर राहून गेलेले कोपरे आपोआप सावलीत जातात. पांढऱ्यावर रंग झळाळतात, पण राहून गेलेली जागा लगेच नजरेत येते. करडा मधला, आणि पहिल्या मूर्तीला तोच सोयीचा. एक सुरेख पद्धत दोन्ही वापरते. आधी सगळी मूर्ती काळी करायची, मग डोक्याच्या वरून पांढऱ्याचा हलका फवारा मारायचा. वरचे भाग पांढरे, काखा आणि अंगरख्याच्या आतल्या बाजू काळ्या राहतात. उजेड कुठून येतो याचा नकाशाच अंगावर उमटतो. त्यावर पातळ रंग दिले की खालची उजळ-गडद झाक वर दिसत राहते.

रंगांत मूर्तींसाठीच बनवलेल्या अ‍ॅक्रिलिकची चलती आहे. स्पेनची व्हायेहो, डेन्मार्कची आर्मी पेंटर आणि गेम्स वर्कशॉपची सिटाडेल ही ओळखीची नावे. या रंगांत रंगद्रव्य बारीक दळलेले असते, त्यामुळे पातळ केल्यावरही ते झाकण चांगले देतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या कॅम्लिनच्या अ‍ॅक्रिलिक ट्यूबांवरही सुरुवात करता येते. ट्यूबमधला रंग चित्रफलकासाठी घट्ट केलेला असल्याने तो जास्त काळजीने पातळ करावा लागतो, एवढेच. महागड्या संचापेक्षा आठ-दहा निवडक बाटल्या पुरतात. काळा, पांढरा, दोन तपकिरी, लाल, निळा, हिरवा, त्वचेचा एक, चंदेरी, आणि सावलीसाठी तयार तपकिरी वॉश.

ब्रशबाबत एक गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा असतो, की मूर्ती लहान म्हणून ब्रशही सुईसारखा हवा. शून्याखालच्या नंबरच्या ब्रशात रंग मावत नाही. जो मावतो तो मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर टोकाशीच वाळतो. अणकुचीदार टोकाचा १ किंवा २ नंबरचा ब्रश बहुतेक सगळे काम करतो, कारण रेघेची जाडी ब्रशाच्या पोटावर नव्हे तर टोकावर ठरते. नामवंत कलाकार कोलिन्स्की केसांचा ब्रश वापरतात. हे केस सायबेरियन विझल या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे. विन्सर अँड न्यूटनची ‘सिरीज ७’ ही त्यातली सर्वांत नावाजलेली मालिका १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी तयार झाली. नवशिक्याने तो खर्च करू नये. ब्रशाचे सगळ्यात मोठे हाल शिकतानाच होतात, तेव्हा कृत्रिम केसांचा बरा. रंग केसांच्या निम्म्यापर्यंतच घ्यायचा. पत्र्याच्या टोपीत तो शिरला आणि वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचे जाते.

रंग पातळ करण्याला या छंदात मंत्राइतका मान आहे. ‘दोन पातळ हात’ हा सल्ला गेम्स वर्कशॉपच्या चित्रफितींतून शिकवणाऱ्या डंकन ऱ्होड्स यांच्या तोंडी इतका रुळला, की त्यांनी पुढे त्याच नावाने रंगांची मालिका काढली. रंग किती पातळ हवा ते अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून कळते. ब्रशाच्या केसांचे ओरखडे रेघेत उठून दिसले तर रंग घट्ट आहे. रेघ आपणहून नखाच्या कडांकडे पळाली तर पाणी जास्त झाले. ओढली तिथे राहिली आणि खालचे नख तिच्यातून किंचित दिसले, तर बरोबर. पहिला हात डागाळलेला दिसणारच. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यायचा. अर्धवट ओल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा थर सोलून निघतो आणि कुरूप गुठळ्या होतात. अधीर माणसाची मूर्ती अशी इथेच बिघडते.

पातळ केलेला रंग आपल्या उन्हाळ्यात पंख्याखाली काही मिनिटांत वाळतो. त्यावर उपाय म्हणजे ओली पॅलेट. चपट्या डब्यात ओला स्पंज ठेवायचा, त्यावर बेकिंगचा कागद अंथरायचा आणि रंग त्या कागदावर कालवायचा. पाणी कागदातून हळूहळू झिरपत राहते. मेण लावलेला कागद मात्र पाणी जाऊच देत नाही, म्हणून तो इथे कुचकामी. बाजारात तयार पॅलेट मिळते, पण मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा तेच काम करतो.

आता प्रत्यक्ष रंगकाम. लाल झग्याचे उदाहरण घ्या. सगळा झगा गडद लालाच्या दोन पातळ हातांनी भरायचा. मग तपकिरी वॉश. वॉश म्हणजे फार पातळ, वाहता, गडद रंग. तो उंचवट्यांवरून उतरून खाचांत साचतो आणि वाळल्यावर प्रत्येक चुणीच्या तळाशी सावली उभी राहते. तो सढळ हाताने लावावा, पण जिथे त्याचे तळे साचेल तिथून ओल्यापणीच कोरड्या ब्रशाने टिपून घ्यावा, नाहीतर वाळताना कडेला डागाची वर्तुळे उमटतात. वाळायला अर्धा तास द्यावा. त्यानंतर मूळचा गडद लाल फक्त चुणीच्या पाठीवर पुन्हा द्यायचा, खाचा तशाच सोडून. त्याहून उजळ लाल अजून अरुंद पट्ट्यात, आणि शेवटी नारिंगीकडे झुकणारी रेघ फक्त कंगोऱ्यांवर, खांद्याशी ठळक आणि घोट्याकडे विरत जाणारी. लाल उजळवायला पांढरा मिसळण्याचा मोह होतो, पण त्याने झगा गुलाबी होतो. थोडा नारिंगी किंवा त्वचेचा रंग मिसळावा. एवढ्या पायऱ्यांत झगा हातभर अंतरावरून खोल दिसू लागतो.

केसाळ कातडे, साखळ्या आणि दगड यांच्यासाठी ड्रायब्रशिंग ही झटपट युक्ती आहे. उजळ रंग ब्रशाला लावायचा आणि जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा. मग तो कोरडा ब्रश पृष्ठभागावरून हलकेच फिरवायचा. उंच टोकांवर तेवढी पूड चढते, खाचा गडद राहतात. यासाठी चांगला ब्रश वाया घालवू नये. मेकअपचा जुना गोल ब्रश याला उत्तम. मात्र गुळगुळीत कापडावर आणि चेहऱ्यावर ड्रायब्रशिंग खडूसारखे खरबरीत दिसते, आणि एका युक्तीवर सगळी मूर्ती रेटणाऱ्यांचे काम त्यावरूनच ओळखू येते. धातूची रीत वेगळी नाही. काळ्यावर चंदेरी, त्यावर काळा वॉश आणि पुन्हा धारेवर चंदेरी. पिवळा हा मात्र खट्याळ रंग. त्याचे झाकण कमजोर असते आणि काळ्यावर तो शेवाळी दिसतो. आधी मातकट पिवळ्याचा हात देऊन वर चढत जावे.

२०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘काँट्रास्ट’ नावाचे रंग आणले. उजळ प्रायमरवर यांचा एकच हात दिला की रंग खाचांत गडद आणि उंचवट्यांवर उजळ बसतो. भरणी आणि सावली एका दमात होते. इतर कंपन्यांनीही लगेच तसे रंग काढले. पन्नास जणांची पलटण उभी करायची असेल तर हे रंग वरदानच आहेत. गुळगुळीत ढालीवर मात्र ते डागाळतात, आणि उजेड कुठे पाडायचा हा निर्णय रंगवणाऱ्याच्या हातून जातो. म्हणून निदान पहिल्या चार-पाच मूर्ती जुन्या रीतीने रंगवाव्यात.

डोळ्यांची धास्ती सगळ्यांना असते. २८ मिलिमीटरच्या मूर्तीचा डोळा रुंदीला अर्ध्या मिलिमीटरच्या घरात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी अखेरीस आणि निष्णात हाताकडून होते. मिनी रंगवणारे अनेकजण उलटे करतात. चेहऱ्याच्या भरणीनंतर लगेच डोळे काढतात, कारण ब्रश घसरला तर भोवतालची त्वचा पुन्हा रंगवून चूक झाकता येते. आधी डोळ्याची खाच गडद तपकिरी करायची. तिच्यात मळकट पांढऱ्याची आडवी रेघ अशी टाकायची की वर-खाली तपकिरी कड उरेल. मग बुबुळासाठी ठिपक्याऐवजी वरून खाली एक उभी रेघ ओढायची. ठिपका मधोमध तरंगतो आणि मूर्ती भूत पाहिल्यासारखी दचकलेली दिसते. रेघ पापण्यांना टेकते आणि नजर ठरते. दोन्ही मनगटे टेबलाला आणि एकमेकांना टेकवली तर हात कापत नाही. मूर्ती हातात न धरता औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवून बाटली धरावी. बोटांचा तेलकटपणा रंगाला लागत नाही आणि मूर्ती हवी तशी फिरवता येते. आणि आठवण झाली तेव्हाच सांगायचे तर, ब्रशाचे टोक ओठांत धरून नीट करायची सवय कितीही जुन्या कलाकारांना असली तरी उचलू नये. काही रंगद्रव्ये पोटात जाण्यासारखी नसतात.

कडा आणि बैठक यांवर थोडी मेहनत केली तर साधी मूर्तीही उठून दिसते. पायाखालच्या चकतीवर फेव्हिकॉल लावून मत्स्यपेटीची बारीक वाळू भुरभुरवायची, वाळल्यावर गडद तपकिरी रंग, त्यावर मातकट ड्रायब्रशिंग, हवे तर बनावट गवताचा एखादा झुपका. चकतीची कड काळी किंवा तपकिरी करून टाकावी. तिथे सांडलेला रंग सोडून दिला की सगळे काम अर्धवट वाटते.

खेळात मूर्ती शंभर वेळा उचलल्या जातात आणि नाकाचा, तलवारीच्या टोकाचा रंग आधी उडतो. म्हणून शेवटी व्हार्निश. चकचकीत व्हार्निश टिकाऊ, पण ते रंगवलेल्या सावलीवर खरा उजेड चमकवून सगळा आभास मोडते. त्यामुळे आधी त्याचा हात आणि त्यावर मॅट व्हार्निशचा, अशी जोडी पुष्कळजण वापरतात. दमट हवेची अट इथे प्रायमरपेक्षाही कडक आहे, कारण पांढरी झाक आता पूर्ण झालेल्या कामावर बसते.

मनासारखी न उतरलेली मूर्ती फेकून देऊ नये, तिचा रंग काढता येतो. पॉलिस्टायरीन आणि धातूच्या मूर्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून जुन्या टूथब्रशाने घासल्या की अ‍ॅक्रिलिक सुटून येते. ब्रिटनमधल्या छंदी मंडळींनी याच कामाला वर्षानुवर्षे डेटॉल वापरले. त्यात मूर्ती रात्रभर बुडवून ठेवतात. मात्र घासून होईपर्यंत पाणी लागू द्यायचे नाही, कारण पाण्याशी गाठ पडताच सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. रेझिनची मूर्ती असेल तर आधी चौकटीच्या एखाद्या तुकड्यावर करून पाहावे. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन धातूला काही करत नाही, पण पॉलिस्टायरीनची मूर्ती त्यात रंगासकट विरघळते.